आप्पा आणि दोन कंपन्यांची सायकल

आप्पांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा माणूस माझी सायकल खातो आहे की काय, असंच मला वाटलं. सुरतेत डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली मी सायकल उलटी करून चेनशी तासभर झटापट केली होती आणि दमून पाणी प्यायला वर गेले होते. खाली येऊन बघते तर पांढऱ्या पायजम्यातले एक गृहस्थ उकिडवे बसलेले. एका हाताने ते पॅडल फिरवत होते आणि लांबलचक स्क्रूड्रायव्हरची मूठ त्यांनी दातांत धरली होती. त्याचं टोक मागच्या चाकाच्या नटावर टेकवलेलं होतं आणि डोळे मिटलेले होते. मी दोनदा "अहो" म्हटलं, तिसऱ्यांदा जवळजवळ ओरडलेच. शेवटी त्यांनी मूठ तोंडातून काढली आणि मीच त्यांच्या घरी पाहुणी आल्यासारखं म्हणाले, "या ताई. चेन दोन चक्रांच्या मधी लटकी राहिनी. खडखड तिचीच शे."

मग कळलं की शेजारी राहणाऱ्या या आप्पांना ऐकू येत नाही. लिंबायतच्या एका लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, त्यांनी उभा जन्म फिटर म्हणून काढला होता. मागांच्या गदारोळात कान गेले, तसे ते दातांनी ऐकायला शिकले. स्क्रूड्रायव्हर मशीनला लावायचा, मूठ दातांत धरायची, की कुठला बेअरिंग रडतो आहे ते त्यांना बरोबर कळायचं. माणसांचं बोलणं ते ओठांवरून वाचत, आणि नको असलेलं बोलणं असलं की सरळ दुसरीकडे बघत. ही सोय आपल्यालाही हवी होती, असं मला बँकेच्या काउंटरवर बसून कितीदा तरी वाटलं आहे.

माझ्या सायकलीची कथा साधी आहे. चाळिशी उलटल्यावर हौस म्हणून मी एक जुनी रेसिंगची सायकल घेतली, वाकड्या हँडलची. एकदा लिंबायतमध्ये एक रिक्षा मागे येता येता तिच्यावर चढली आणि मागचा डिरेलर मोडला. चेनला एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर ढकलणारा तो सांगाडा. त्या कंपनीने तो नमुना बनवणं कधीच बंद केलं होतं. आमच्या सायकलवाल्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीने तिच्याकडचा पडीक डिरेलर दिला, पण तो दुसऱ्या कंपनीचा. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ये मॅच नहीं होगा. पूरा सेट बदल डालो." तरी मी तोच घरी बसवून बघितला आणि खडखड सुरू झाली. हे सगळं मी आप्पांना सांगायला लागले, कंपन्यांची नावं घ्यायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"नाव राहू द्या. माप सांगा."

हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांच्या खात्यात एकेका मागात चार कारखान्यांचे भाग असायचे आणि कापड एकच निघायचं. "लोखंडले काय माहीत, ते कोना घरनं शे," असं म्हणून ते हसायचे. पण ते माग आता भंगारात गेले होते. त्यांच्या जागी आलेली नवी मशीनं उघडायला कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येतो. आप्पांना मालकांनी मानाने निरोप दिला, नारळ आणि शाल देऊन. ती शाल त्यांनी कधी अंगावर घेतलेली मी पाहिली नाही.

आप्पांचा मुलगा विजय पांडेसऱ्यात कापड रंगवायच्या एका प्रोसेस हाउसमध्ये सुपरवायझर होता. बायको वारलेली, विजय आणि सून दिवसभर कामावर, आप्पा एकटे. त्यातून दोनदा रस्ता ओलांडताना गाडीखाली येता येता वाचले होते; हॉर्न त्यांना ऐकूच येत नाही. त्यांना शिरपूरजवळच्या गावी त्यांच्या भावाकडे पाठवायचं विजयने ठरवलं होतं. यात त्याचं काही चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. पण आप्पांचं एकच म्हणणं होतं. ओट्यावर बसून ते मुलाला अहिराणीत सांगायचे, "आठे मनं काम शे. गावले जाईसन काय करू? तठे एक तरी मशीन शे का?" विजय विचारायचा, "कोणतं काम, पप्पा?" आणि आप्पा दुसरीकडे बघायचे. माझी सायकल आली आणि त्या प्रश्नाला पहिल्यांदाच उत्तर मिळालं. ते माझ्याकडे बोट दाखवायला लागले.

आठवडाभर सायकल त्यांच्या गॅलरीत दोरीने टांगलेली होती. आप्पा पॅडल फिरवत, गिअरचा खटका दाबत, स्क्रूड्रायव्हर दातांत धरत, आणि वायरचा ताण केसाकेसाने कमीजास्त करत. शनिवारी सकाळी चेन सगळ्या चक्रांवरून लोण्यासारखी फिरली. त्यांनी सगळ्या गल्लीला बोलावून दाखवलं. विजयलाही दाखवलं. मग मी सायकल घेऊन रेल्वेवरच्या पुलावर गेले. सुरतेत चढ म्हणजे पूलच. निम्म्या चढावर मी जोर लावला, चेन फाडकन उडाली आणि माझा गुडघा हँडलवर आपटला.

लंगडत परत आले तेव्हा आप्पा ओट्यावरच होते. त्यांना काही सांगावंच लागलं नाही. त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं आणि आत निघून गेले. मला फार वाईट वाटलं, गुडघ्यापेक्षा त्याचंच जास्त. संध्याकाळी विजय येऊन म्हणाला, "मॅडम, सॉरी हां. सोमवारचं तिकीट काढलंय. बॅग भरून ठेवलीय त्यांनी स्वतःच."

रविवारी सकाळी दार वाजलं. आप्पा उभे होते, पायजम्याच्या नाडीत पाना खोचून.

"मनी चूक व्हयनी ताई. माग जागेवर उभा राहतो, म्हणून त्याला रिकामा चालवून बघता येतं. हिच्यावर माणूस बसतो. माले बसू द्या."

मी नाही म्हणायला हवं होतं. ऐकू न येणारा पासष्टीचा माणूस, पुलावर, वाकड्या हँडलच्या सायकलीवर. पण म्हणू शकले नाही. रस्ता रिकामा होता आणि मी मागे स्कूटरवर होते. तरुणपणी रोज सायकलनेच खात्यावर गेलेला माणूस तो, दहा पावलांवर सावरला. चढावर त्यांनी एकेक गिअर बदलला, प्रत्येक वेळी पायावर जोर देऊन थोडे थांबले, डोळे अर्धवट मिटले. वर पोचल्यावर कठड्याला सायकल टेकवली. धाप लागली होती, तरी चेहरा खुलला होता.

"पायाले समजनं," ते म्हणाले. "पहिल्या चक्रावर बरोबर. दुसऱ्यावर थोडी चूक, तिसऱ्यावर जास्त, चौथ्यावर त्याहून जास्त. चूक दर पायरीला वाढत जाते. म्हणजे ताण बरोबर शे, माप चुकनं."

मग त्यांनी समजावलं. एका कंपनीचा खटका दर वेळी जेवढी वायर ओढतो, त्याहून थोडी जास्त या दुसऱ्या कंपनीच्या डिरेलरला लागते. मागातही ताण्याच्या उभ्या धाग्यांची चौकट किती उचलली जाईल, ते आकडा दांडीच्या कोणत्या खाचेत अडकवला यावर ठरायचं. दांडी तीच, ओढ तीच, फक्त जागा बदलायची. त्यांनी पाना काढला, डिरेलरवर वायर धरणारा बोल्ट ढिला केला, वायर बोल्टच्या एका बाजूने जात होती ती दुसऱ्या बाजूने घातली आणि आवळली. बोटाच्या नखाएवढा फरक, पण तेवढ्याच ओढीत डिरेलर आता थोडा जास्त सरकणार होता. "आता बसा."

मी पूल उतरले आणि वळून पुन्हा चढले. निम्म्या चढावर, कालच्याच जागी, श्वास रोखून खटका दाबला. टक. चेन सरकली आणि बसली. पुन्हा टक. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, सायकल चढवताना ते बरं नसतं. वर पोचले तर आप्पांच्या शेजारी विजय उभा होता. बापाला शोधत आला होता. तो रागावला होता का, मला कळलं नाही. त्याने मला एकच विचारलं, "पप्पा चालवत वर आले? एकटे?" मी मान डोलावली. तो बराच वेळ बापाच्या काळ्या झालेल्या बोटांकडे बघत राहिला.

सोमवारी मी मुद्दाम बँकेत लवकर गेले, निरोप घेणं मला जमलं नसतं. दुपारी विजयचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलला. मग जरा घुटमळत म्हणाला, "मॅडम, तुमच्या त्या सायकलवाल्या ग्रुपमध्ये आणखी कुणाची बिघडलेली आहे का?"

होत्या, पुष्कळ होत्या. आज आप्पांच्या गॅलरीत एका वेळी तीन-तीन सायकली टांगलेल्या असतात, दुकानदारांनी हात टेकलेल्या, नाना कंपन्यांचे भाग जोडलेल्या. गावी जायची ती बॅग खिळ्याला आहे, तिच्यात पाने आणि वायरी असतात. नुसती टांगून तपासलेली सायकल आप्पा कुणाच्या हाती देत नाहीत, आधी स्वतः पुलावर चढवून आणतात. विजयची फक्त एक अट आहे. म्हणून रविवारी सकाळी पुलावर कुणी गेलं तर दिसेल, पुढे पायजम्याला चिमटा लावलेले आप्पा डोळे अर्धवट मिटून चढ चढताहेत, आणि त्यांच्या अगदी मागे स्कूटरवर विजय, मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात दाखवून बाजूने जायला सांगतो आहे.