डब्यात कोंडलेला विस्तव

मामंजी आमच्याकडं आले ते मेंढरं विकल्यावर. सोयगावाकडच्या आमच्या गावात विहिरी तळाला गेल्या होत्या, चारा कुठंच नव्हता, आणि सासूबाई आदल्याच साली वारल्या होत्या. एकट्या म्हाताऱ्या माणसाला तिथं कसं ठेवायचं, म्हणून यांनी त्यांना वाळूजला आणलं. हे कंपनीत कामाला होते. दोन खोल्या आणि मागं भिंत घातलेलं थोडं अंगण, एवढं आमचं घर.

आल्या दिवशी मामंजींनी भिंतीवरून पलीकडं बघितलं.

"ह्याच माळावर मी मेंढरं बसवली व्हती," ते म्हणाले.

माळावर आता प्लॉट पडले होते. चुना मारलेले दगड ओळीनं रोवले होते. संध्याकाळी ते त्यातल्या एका दगडावर जाऊन टेकले, तर रखवालदारानं उठवलं. त्यानंतर ते फाटकाबाहेर गेलेच नाहीत.

हळूहळू त्यांचं जेवण तुटलं. गॅसवरच्या भाकरीला वास नाही म्हणायचे. एकदा मी जीव लावून मटण केलं, तर दोन घास खाऊन ताट सरकवलं. "गॅसवरचं मटण म्हंजे आजाऱ्याची पेज." रोज संध्याकाळी यांच्याजवळ एकच बोलणं. "मला गावाकडं सोड."

"तिथं पिणार काय, आबा? टँकर बी समद्यांना पुरत न्हाई."

"मेंढरं ऱ्हायली असती तर ती काय पिली असती? तेच मी पिईन."

मी आतून ऐकायची. त्यांची बंडी अंगावर सैल पडत चालली होती. गावाकडं गेले तर हा माणूस उन्हाळा काढणार नाही, असं मला वाटायचं. पण मी कुणाला काय सांगणार? आमच्यात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. काही सांगायचंच असलं तर लेकराला सांगायचं, म्हणजे त्यांना ऐकू जातं. मला तेव्हा लेकरू नव्हतं. एक तांबडी कोंबडी होती.

शेवटी यांनीच युक्ती काढली. तेलाचा जुना ड्रम आडवा कापून आणला, तळाला भोकं पाडली, वर लोखंडी जाळी ठेवली आणि शहरातल्या शहागंज बाजारातून कोळशाचं पोतं फटफटीवर बांधून आणलं. सुट्टीच्या दिवशी अंगणात काळीज आणि बरगड्या भाजल्या. मामंजी उकिडवे बसून स्वतः पालटत होते. त्या दिवशी ते दोन भाकरी जेवले. मी दाराआडून बघत होते. मला फार बरं वाटलं.

जेवण झाल्यावर त्यांनी उरलेले निखारे गोळा केले आणि राखेत पुरून ठेवले. रानात मेंढक्यांची तीच रीत. विस्तव राखेखाली जिवंत ठेवायचा, सकाळी उकरून फुंकायचा. पण तिथं लाकडाला तोटा नसायचा. इथं सकाळी उकरलं तर कोळसा रात्रभर आत जळून नुसती भुकटी उरलेली. पुढच्या दोन सुट्ट्यांत पोतं अर्ध्यावर आलं.

त्यानंतरच्या खेपेला सुट्टी नव्हती, यांची दुपारपाळी होती, आणि वारा सुटला होता. ठिणगी उडू नये म्हणून, कंपनीच्या बसच्या घाईत, यांनी धुण्याच्या पाण्याची बादली निखाऱ्यांवर ओतली. फस्सकन वाफ उठली. मामंजी उभेच राहिले.

"विस्तवावर पाणी? माझ्या डोळ्यांदेखत?"

"आबा, वारा हाय—"

"माणसाला प्यायला न्हाई अन् तू विस्तवाला पाजतो! तुझी आय गेली तवा तिसऱ्या दिशी पाणी घातलं म्या चितेच्या विस्तवावर. आज कोण गेलं ह्या घरात?"

यांनी रिकामी बादली खाली ठेवली. मामंजी म्हणाले, "येत्या सुट्टीला मला गाडीत बशीव. न्हाई बशीवलं तर पायी जाईन." आणि आत जाऊन त्यांनी गाठोडं बांधलं. ते खरंच पायी गेले असते.

दुसऱ्या दिवशी मी तो भिजका कोळसा पत्र्यावर वाळत घालत होते. शेजारच्या खाला भिंतीवरून बघत होत्या. त्या कोळशाच्या इस्त्रीनं कपडे करायच्या. एरवी मी त्यांना बघून नुसती हसायची. त्या दिवशी पदर तोंडाशी धरून विचारलं, "खाला, तुम्ही इस्त्रीतला कोळसा कसा विझवता?"

"या अल्ला, ये बोलती बी है!" त्या हसल्या. "पानी नक्को डालो, माँ. पत्रे का डब्बा लेव, अंगारे अंदर डालो, ढक्कन बंद. हवा नै मिली तो आप सो जाता. दूसरे दिन राख झटको, नया कोयला नीचे, पुराना ऊपर. पुराना फट से पकडता. चिपका के नक्को रखो, बीच में हवा जाना."

माझ्याकडं पत्र्याचा डबा होता. मामंजींना कसं सांगायचं हे मात्र कळेना. ते अंगणात भिंतीला टेकून बसले होते. मी कोंबडीला दाणे टाकत म्हणाले, "ऐकलं का गं? खाला म्हणती, निखारा डब्यात कोंडला की पाणी बी लागत न्हाई अन् राखेत जळून बी जात न्हाई."

मग तेही कोंबडीकडं बघून म्हणाले, "सांग तिला, कोंडलं की जीव मरतो."

"मरत न्हाई म्हणावं. निजतो."

"इस्त्रीवालीला काय ठावं विस्तवाचं?"

संध्याकाळी थोड्या कोळशावर दोन वांगी भाजली आणि त्यांच्यासमोरच सांडशीनं एकेक निखारा डब्यात टाकला. हाताला चटका बसला, पण झाकण घट्ट लावलं आणि फटीला मोरीतली ओली माती लिंपली.

सकाळी मी उठायच्या आधीच मामंजी डब्याजवळ बसलेले. झाकण त्यांनी उघडलं होतं. आत कोळसा काळाभोर, थंड, सगळा शाबूत. त्यांनी एक तुकडा हातावर तोलला, दुसऱ्यावर आपटला. तो भांड्यासारखा वाजला. ते काही म्हणाले नाहीत, कोंबडीलासुद्धा नाही. पण आठवडाभर माझ्या वाळत घातलेल्या कोळशाला तेच ऊन दाखवत होते. ऊन सरकलं की पत्रा सरकवायचे.

गाठोडं मात्र खुंटीला तसंच होतं.

सुट्टी आली. हे मटण घेऊन आले. आबांना जेवू घालून एस.टी.त बसवायचं ठरलं होतं. मामंजींनी जुना कोळसा चाळणीत घालून झटकला. राख उडून सगळ्यांना शिंका आल्या. खाली पोत्यातले मोठे तुकडे मोकळे रचले, वर डब्यातला कोळसा ठेवला. काडी लावली आणि वर बघितलं, तर कडेचे तुकडे लाल झालेलेसुद्धा. घडीभरात ड्रमजवळ हात धरवेना. आधीच्या खेपांना मटण नुसतं घामेजायचं, पाणी सुटून शिजायचं. आज जाळीवर ठेवल्याबरोबर चुर्र झालं.

"आबा, मागं सरा, मिशी जळंल," हे म्हणाले.

"जळू दे. पांढरीच हाय." त्या आठवड्यात त्यांचं ते पहिलं हसणं.

जेवले पोटभर. हात धुतले. मग गाठोडं काखेत घेऊन बाहेर आले. यांनी बाहेर फटफटी चालू केली. जाळीखाली अजून ओंजळ-दोन ओंजळ निखारे लालभडक होते. मामंजी तिथं थांबले आणि कोंबडीला म्हणाले, "हे आता कोण कोंडणार?"

कोंबडी भिंतीवर जाऊन बसली होती. अंगणात माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी पदर सावरून म्हणाले, "तुम्हीच कोंडा, मामंजी. मला चटके बसतात."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग नजर खाली करून माझ्या हाताकडं बघितलं, तिथं फोड होता. गाठोडं ओट्यावर ठेवलं आणि सांडशी मागितली.

बाहेरून हे ओरडले, "आबा, गाडी चुकंल!"

"बंद कर ती फटफटी. डबा गार झाल्याबिगर सोडून जाता येत न्हाई. झाकण निघालं तर घर पेटंल."

डबा गार व्हायला संध्याकाळ झाली. तोवर सोयगावची गाडी गेली होती. हे म्हणाले, बरं, उद्या पाळीच्या आधी सोडतो. मामंजींनी गाठोडं उचलून परत खुंटीला अडकवलं.

सकाळी हे तयार होऊन उभे राहिले. मामंजी अंगणात पोत्यात हात घालून तुकडे निवडत बसले होते.

"निघायचं का, आबा?"

"तू जा कामाला," ते वर न बघता म्हणाले. "अन् शहागंजातून येताना कोळसा आन. चुरा भरून देतात लबाड, पोतं उलटं करून बघ. जुन्याखाली घालाया मोठा तुकडा लागतो."