शब्द वापरला की चहा

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिल्लीत, द्वारकेच्या अलीकडच्या रेड लाइटवर टॅक्सीत अडकले होते. तिच्याकडेच निघाले होते, नेहमीसारखी, शनिवारची. तिच्या शेजारच्या खन्ना आंटींचा आवाज एरवी कसा खणखणीत! त्या दिवशी तो फुटतच नव्हता. "बेटा, दीदी नहीं रहीं... दोपहर को सोयीं, तो बस..." मी "हाँ आंटी, हाँ" म्हणत राहिले आणि डोळे मात्र समोरच्या गाडीच्या नंबर प्लेटवर. सी, एम, बी. डोक्यात शब्द तयार झालाच : क्युकंबर. काकडी! सख्खी आत्या गेली, आणि या बयेच्या डोक्यात काकडी! स्वतःचीच इतकी चीड आली, की त्या चिडीतच पहिलं रडू फुटलं.

याला आता दीड महिना होईल. हा खेळ तिनंच लावलेला, तेव्हा दोष तिचाच. गाडीच्या नंबरातली, सुरुवातीचं डीएल सोडून, अक्षरं घ्यायची आणि ती सगळी ज्यात येतात असा इंग्रजी शब्द शोधायचा, अक्षरं मागेपुढे कशीही आली तरी चालतील. दिल्लीच्या मोटारीच्या नंबरात सी असतोच, स्कूटर असली तर एस. नागपूरहून आत्या एकटी इथे आली, ती एका मंत्रालयात स्टेनो म्हणून. साहेब डिक्टेशन देताना असे काही शब्द फेकायचा, की हिची पेन्सिल जागच्या जागी थिजायची. मग करोल बागच्या स्टॉपवर बसची वाट बघता बघता हिनं हा उद्योग सुरू केला. लग्न का नाही केलंस, असं कुणी विचारलं, तर म्हणायची, "वेळच झाला नाही गं, बस फार उशिरा यायची."

बारावीनंतर बाबांनी मला तिच्याकडे कॉलेजला धाडलं. शाळा सगळी मराठीतली. वर्गात इंग्रजी सुरू झालं की माझ्या तोंडाला कुलूप. घरी येऊन रडायचं, सकाळी डोळे धुऊन पुन्हा जायचं. शेवटी एकदा म्हटलं, "आत्या, मला परतीचं तिकीट काढून दे. नाही जमत मला." तिनं समजूत घातली नाही, की ओरडली नाही. "अच्छा. काढते ना," म्हणाली, "पण तिकीट येईपर्यंत या घरात फुकट चहा मिळणार नाही. सकाळी स्टॉपवर शब्द शोधायचा, संध्याकाळपर्यंत बाहेर कुणाशी तरी बोलताना वापरून यायचा. वापरला की चहा." मी पक्की चहाबाज, हे तिला चांगलं ठाऊक! मग काय, बसचा कंडक्टर, भाजीवाला, लायब्ररीतली बाई, जो समोर येईल त्याच्यावर मी शब्द खपवायला लागले. एकदा सी, बी, के अशी अक्षरं आली. मी म्हटलं, "बॅक." आत्या म्हणाली, "किकबॅक." अर्थ विचारला तर हसत हसत म्हणाली, "लाच. हा शब्द आज माझ्या ऑफिसात येऊन वापरू नकोस हं. दोघींचाही चहा बंद होईल!"

आणि मग तो स्कूटरचा दिवस. एस, ए, जी. आत्यानंच शोधला : डिसॲग्री. ट्यूटोरियलमध्ये एक मुलगी ऐटीत सांगत होती, की खेड्यांत आता जातपात वगैरे काही उरलेलं नाही. सरही मान डोलावत होते. माझ्या डोळ्यांसमोर आजीच्या गावची विहीर, आमच्या लोकांची, वेगळी. खरं सांगते, मी एरवी कधीच बोलले नसते. पण शब्द अजून वापरायचा राहिला होता आणि तास त्या दिवसाचा शेवटचा. उभी राहिले. "सर, आय डिसॲग्री." सगळा वर्ग वळून बघायला लागला. सर म्हणाले, "व्हाय?" बाई गं! आत्यानं एकच शब्द दिला होता, पुढचं कुठून आणू? पण अर्धं इंग्रजीत, अर्धं हिंदीत, विहिरीपासून सुरू केलं ते सगळं सांगूनच खाली बसले. कुणी हसलं नाही. त्या मुलीनं वही मिटली आणि तास संपल्यावर माझं नाव विचारलं.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा आत्या गॅसपाशी पाठमोरी उभी होती. बराच वेळ वळलीच नाही... चहा उतू गेला. मग पदरानं नाक पुसत म्हणाली, "आणि तिकिटाचं काय करायचं?" मी म्हटलं, "राहू दे." "बिल्कुल राहू दे," ती म्हणाली आणि पातेल्यात पुन्हा पाणी घातलं.

आज मी वकील आहे. डिसॲग्री या एका शब्दावर माझं पोट चालतं म्हणा ना! कोर्टात उभी राहते, समोरच्याचं म्हणणं खोडून काढते आणि आवाज थरथरत नाही, ही त्या बाईची देणगी. फार मोठं दिलं तिनं मला, आणि दिल्याचं कधी जाणवूही दिलं नाही. रिटायर झाल्यावर गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा द्वारकेच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून खालच्या पार्किंगमधली अक्षरं मला रोज सकाळी फोनवर सांगायची. संध्याकाळी पुन्हा फोन. "वापरलास? मग घे चहा."

त्या शनिवारी पोचले तेव्हा आत्या आतल्या खोलीत शांत पडलेली होती. बाबा नागपूरहून निघाले होते, ते येईपर्यंत थांबायचं होतं. मी बाल्कनीत तिच्या खुर्चीशेजारी बसले. दिवेलागणीला खन्ना आंटी चहा घेऊन आल्या. कप हातात घेतला, पण काही केल्या ओठांना लावता येईना.

"कुछ खाएगी, बेटा? रोटी लाऊँ?"

"आंटी... क्युकंबर है आपके पास?"

त्या घरी जाऊन एका बशीत खीरा कापून, वर मीठ भुरभुरून घेऊन आल्या. मी एक फोड तोंडात टाकली.

"वापरला गं, आत्या," म्हटलं, आणि चहाचा घोट घेतला.