चिमाजीचा फेटा आणि दिल्लीचा साहेब

आमच्या आकुर्डीत कुणाच्या घरात भांड्याला भांडं लागायच्या आत मला बातमी कळते. त्यामुळे चिमाजी कारखान्यात अजून कायम झालेला नाही, हे त्याच्या सासऱ्याआधी मला ठाऊक होतं. तीनचाकी टेंपो बनवणाऱ्या कारखान्यात तो रंगखात्यात होता. पण लग्नसराईत फेटा बांधावा तो त्यानंच.

चौऱ्याहत्तर साली गंमत झाली. राज्याच्या उद्योगमंत्र्यांनी आखातातल्या एका देशाचे व्यापारमंत्री थेट इकडे बोलावले. त्यांनी टेंपो घेतले तर दुसरी शिफ्ट निघणार आणि चिमाजी कायम होणार. दिल्लीचं मात्र तोंड वाकडं. परदेशाशी बोलणं आमचं काम, राज्यानं मध्ये का पडावं? म्हणून त्यांनी लक्ष ठेवायला एक साहेब धाडला.

स्वागताचा फेटा अर्थातच चिमाजीकडे. आदल्या दिवशी तो त्याच कापडाला तिसऱ्यांदा इस्त्री करत होता.

"पाहुण्याचं मन राखलं तर नोकरी, न्हाई तर..."

"न्हाई तर घरी रुक्मिणीवहिनी तुलाच फेट्यानं खांबाला बांधतील," मी म्हणालो.

पाहुणे गाडीतून उतरले, तर डोक्यावर आधीच पांढरा रुमाल आणि वर काळं कडं! चिमाजी कापड घेऊन नुसता उभा. साहेब फिस्कारला, "डोक्याला हात लावायचा नाही! दोन देशांचा प्रश्न आहे."

आमचे मंत्री हसले. "देशाचं धोरण तुमचं, साहेब. दारात आलेला पाहुणा आमचा."

चिमाजी खुर्चीवर बसला आणि कापड स्वतःच्या गुडघ्याला गुंडाळू लागला. नवरदेव वेळेवर हजर नसला की आमच्याकडे फेटा असाच गुडघ्यावर बांधून ठेवतात. वर तुरा काढला, मागे शेमला सोडला आणि तयार फेटा दोन्ही हातांनी पुढे धरला. घाला, नाहीतर नका घालू.

पाहुण्यानं गुडघ्याकडे पाहिलं, फेट्याकडे पाहिलं आणि खो खो हसत आपला रुमाल स्वतःच उतरवला. फेटा त्याच्या डोक्यावर, रुमाल चिमाजीच्या!

"पागोटं बदललं, आता भाऊ झालो आमी," चिमाजी साहेबालाच सांगू लागला. साहेबानं टाळी वाजवली. नाइलाजानं, पण वाजवली.

फेट्यानं टेंपो विकले जात नाहीत, एवढं मलाही कळतं. आमच्या मंत्र्यांना त्यासाठी दिल्लीला खेटे घालावे लागले. पण तिकडे त्यांची बाजू मांडायला तोच साहेब उभा राहिला म्हणे.

दिवाळीनंतर दुसऱ्या शिफ्टचा भोंगा वाजला. चिमाजी तो रुमाल मफलरसारखा गळ्यात घालून निघाला, कायम कामगार म्हणून.

"काय राव, परराष्ट्र खातं निघालं का कामाला?" मी ओट्यावरून विचारलं.

"व्हय. तुमी बसा, गल्लीचं खातं सांभाळा."