कावळा शिवला, कुत्रा गेला

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमचं सगळं गाव थोडं वेडं व्हायचं, असं माझं मत आहे आणि ते बदलायच्या भानगडीत कोणी पडू नये. सासरी वर्षभर मान खाली घालून दळणकांडण करणाऱ्या बाया माहेरी यायच्या आणि आल्या आल्या झोक्यावर चढायच्या. लिंबाच्या जाड फांदीला दोर बांधलेला असायचा. एकीनं बसायचं, दुसरीनं उभ्यानं हेलकावे द्यायचे, आणि झोका इतका वर न्यायचा की खालच्या म्हाताऱ्यांनी ओरडायला पाहिजे. आमची फुई, म्हणजे वडिलांची धाकटी बहीण, दोन लेकरांची आई. पण त्या आखाजीला ती झोक्यावरून उतरायलाच तयार नव्हती. आदल्या दिवशी न्याहारीला हाक मारली तर तिनं न्याहारीच झोक्यावर मागवली, "आठेच लई या!"

मी नऊ वर्षांची होते. घरात आई, वडील, मी, माहेरपणाला आलेली फुई आणि एक कुत्रा. आजोबा आदल्या वर्षीच्या ज्येष्ठात वारले होते. त्यांच्यामागची ही पहिली आखाजी.

कुत्रा आजोबांचाच. ते मिरचीची पोती घेऊन नंदुरबारच्या बाजाराला गेले, पोती विकली, भजी घेतली आणि एक भजं समोर बसलेल्या कुत्र्याला टाकलं. तेवढ्यावर तो रिकाम्या गाडीमागून चालत थेट आमच्या ओट्यावर आला. आईनं झाडू उचलला, तर आजोबा म्हणाले, "पाव्हना शे तो. पाव्हनाले कोन हाकलस?" झालं. पाव्हना पाच वर्षं राहिला. पिवळट रंगाचा, एक कान दुमडलेला, मिरचीचं पोतं उघडलं की सातआठ शिंका देणारा. आजोबांच्या ताटातला पहिला घास त्याचा. मला तो भावासारखा होता असं म्हणतात तसं मी म्हणणार नाही. सख्खा भाऊ मला नंतर झाला, तो याच्या निम्म्यानंही समजूतदार निघाला नाही.

त्याचा एकच अवगुण. उन्हाळ्यात शेजारच्या काकू खाटेवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे जाडसर पापड, वाळत घालायच्या, त्या तो पळवायचा. काकू रोज काठी घेऊन धावायच्या आणि रोज गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायच्या, "एक दिन जहरच घालसू याले!" रोजचंच असल्यामुळे कोणी मनावर घेत नव्हतं. कुत्रा तर मुळीच नाही.

आता वाटीचं सांगायला हवं. आजोबांची एक पितळेची वाटी होती, जड बुडाची, चांगली खोलगट. आमरस ते त्याच वाटीतून खायचे. शेवटच्या आजारात वैद्यानं त्यांचा रस बंद केला. आजोबा आठ दिवस रस मागत होते. वडील नियमाचे माणूस. वैद्यानं नाही म्हटलं म्हणजे नाही. नवव्या दिवशी आजोबांनी मागणं सोडलं आणि वडिलांशी बोलणंही सोडलं. तसेच गेले. त्यानंतर वडिलांसमोर आंब्याचं नाव काढायची सोय राहिली नाही.

थंडीत कल्हईवाला आला तेव्हा आईनं घरातली सगळी पितळेची भांडी काढली. कल्हई गेलेल्या पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं, खाणाऱ्याला बाधतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्या ढिगातून वडिलांनी आजोबांची वाटी उचलून परत फळीवर ठेवली. "ती ऱ्हाऊ दे. ती मन्हा बापनी शे." आई म्हणाली, अहो, आत नुसते डाग राहिलेत. वडील म्हणाले, त्यात खाणार कोण आहे?

आखाजीच्या दिवशी वडील उजाडायच्या आत उठले. आंबे त्यांनी स्वतः पिळले. कधी घरात पाण्याचा तांब्या न उचललेला माणूस कोपरापर्यंत पिवळा होऊन बसलेला पाहून आई आणि फुई तोंडात पदर कोंबून हसत होत्या. पहिला रस त्यांनी फळीवरच्या वाटीत काठोकाठ भरला आणि पितरांच्या मातीच्या घागरीसमोर ठेवला. आईच्या मनात कल्हई आली असेल की नाही, मला ठाऊक नाही. पितरांच्या वाटीची कल्हई कोण बघतं?

पूजा मात्र लांबली. गावात भटजी एक आणि घागरी घरोघर. आमच्याकडे ते पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि रसावर जाड साय धरली होती. मग आईनं ताट वाढलं. उलट्या खापरावर भाजलेले, ताटाबाहेर लोंबणारे पुरणाचे मांडे, तूप, कुरडई, भजी आणि मधोमध ती वाटी. गोठ्याच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, ताट ठेवलं गेलं. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही. धाब्यावर राखणीला मी, खाली अंगणात बाकीचे.

कावळा येईना. येईल कसा? गावात पन्नास ताटं वर गेलेली, आणि आमचं सगळ्यात शेवटचं. कावळे पोटं फुगवून लिंबावर बसलेले, एकालाही पंख उचलायची इच्छा नाही. खाली मात्र धावपळ उडाली. मेलेल्या माणसाची एखादी इच्छा राहिली असेल तर ती पुरी करायचा शब्द द्यायचा असतो, मग कावळा येतो. फुईनं सुरुवात केली. तुमचा जुना फेटा फेकणार नाही. नाही आला. लाल बैल विकणार नाही. नाही आला. तुमच्या बहिणीशी अबोला सोडेन. एक कावळा हलला, पण पाठ खाजवायला. मला वरून हे सगळं दिसत होतं आणि हसू आवरत नव्हतं. तेवढ्यात वडील पुढे आले, हात जोडून वर पाहू लागले. "बाबा, मन्हं चुकनं. आते खाई ल्या." माझं हसू थांबलं. वडिलांना मी कधी चुकलो म्हणताना ऐकलं नव्हतं.

पण भूक कोणाच्या बापाची नसते. पहाटेपासून पोटात काही नाही, आणि समोर मांड्यांचा वास. त्याच वेळी पाव्हना पायऱ्या चढून वर आला. त्याची दुपारची झोपायची जागा तीच. तो ताटाकडे पाहू लागला, मी त्याच्याकडे. खाली फुईनं आता गाय दान द्यायची बोली लावली होती, आणि गाय आमच्याकडे एकच होती. मी हळूच ताट पायानं सरकवलं. त्यानं मांडे गिळले, कुरडई कुडकुडवली आणि वाटीत तोंड घालून वाटी धाब्यावर फरफटेपर्यंत चाटली. मग मी जीव खाऊन ओरडले, "शिवना! कावया शिवना!"

त्यानंतर अंगणात जे झालं ते आठवलं की अजून हसू येतं. फुई नाचायलाच लागली. आईनं आनंदानं फुईच्याच पाठीत धपाटा घातला. शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावून "शिवना का, शिवना का" विचारू लागल्या. आणि वडील गोठ्याच्या खांबाला मिठी मारून रडत होते, "मन्हा बापनी रस खादा! मन्हा बापनी रस खादा!" मग पंगत. मोठ्या पातेल्यातला रस वडील वाट्यांवर वाट्या पीत होते, न विचारता मला वाढत होते, मध्येच गात होते. वडील गातात हे मला तेव्हा कळलं. मी इतकं खाल्लं की उठताना फुईनं हात दिला. खोटं बोलून जेवले, आणि सांगायला लाज वाटते, छान पचलं.

दुपारनंतर सगळ्या पुन्हा झोक्याला गेल्या. पाव्हना आमच्यामागे आला, तो तिरका तिरका चालत. बाया हसल्या. यालाही रस चढला, फुई म्हणाली. मीही हसले. मग तो ओकला. पुन्हा ओकला, आणि मागचे पाय त्याच्या अंगाखाली राहीनात. तेव्हा झोका थांबला.

पुढे घरात उपायांची एकच झुंबड. आई तूप पाजा म्हणे, फुई ताक, कोणी राखेचं पाणी, कोणी गळ्यात काळा दोरा. वडील ओरडत होते की एका वेळी एकच द्या. पाव्हना ज्या ज्या माणसाकडून जे जे येईल ते निमूट घ्यायचा, शेपटी एकदा आपटायचा आणि बाहेर टाकायचा. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. दिवेलागणीला त्यानं एक लांब श्वास घेतला, पुढचा घेतला नाही. मी किती रडले सांगता येत नाही. दुःख होतंच, पण त्याच्याबरोबरीनं भीती होती. कारण त्यानं काय खाल्लं हे घरात फक्त मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीजवळ खड्डा खणला. माहेरवाशिणी सगळ्या आल्या. कुत्र्याला काय म्हणून निरोप द्यायचा ते कोणाला कळेना, तेव्हा फुईनं त्याच्यावर मांडा ठेवला, दुसरीनं हळदकुंकू टाकलं, तिसरीला रडता रडता हसू फुटलं आणि मग सगळ्याच हसत रडत बसल्या. घरी येताना मात्र फुई मध्येच थांबली. "तिनीच मारं त्याले!" म्हणाली. तिनं म्हणजे शेजारच्या काकूंनी. रोज जहर घालीन म्हणत होती, घातलं. बघता बघता सगळ्यांना ते पटलं. वडिलांनी घरात येऊन कोपऱ्यातली काठी उचलली. काकूंनाही वास लागला असावा, कारण त्या मुसळ घेऊन आपल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

बोलले तर काय जाईल हे मला कळत होतं. काल वडील गात होते, ते जाईल. न बोलले तर काकूंच्या डोक्यात काठी. मी दाराआड वडिलांचं धोतर धरलं.

"बाबा, तिनी नही. कावया ऊनाच नही. ताट मी कुत्राले दिधं."

वडील थांबले. "वाटी बी?"

"वाटी बी. चाटी चाटी खादी."

त्यांनी फळीवरची वाटी काढली आणि दारातल्या उजेडात धरली. आत कडेनं हिरवट चढलं होतं. आज वाटतं, वाटीनंच गेला की तुपापुरणाच्या इतक्या मांड्यांनी गेला, कोण सांगणार? पण त्या वेळी आम्हा दोघांनाही शंका उरली नाही. वडिलांनी काठी खाली ठेवली. आता मार बसणार म्हणून मी डोळे मिटले.

"मंग कावया शिवना असं कसाले सांगं तू?"

मी खरं तेच सांगितलं. "भूक लागी व्हती."

त्यांनी वाटी परत फळीवर ठेवली. मग म्हणाले, "मन्हा बापले बी लागी व्हती."

आणि बाहेर जाऊन काकूंपुढे उभे राहिले. "वहिनी, तुमनं काही नही. आमनी वाटी कळकेल व्हती. मन्हाच हाते गया तो." काकूंनी भांडणाची सगळी तयारी केलेली, ती वाया गेली. त्यांनी मुसळ टेकलं आणि पदर तोंडाला लावला. "आते मन्ह्या बिबड्या कोन चोरी लई जाई?" म्हणाल्या, आणि फुई धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली.

आईनं मात्र विचारलंच. वाटीतला रस तर कावळ्यानं खाल्ला ना, मग कुत्र्याला कुठून मिळाला? मी जमिनीकडे पाहत होते. वडील जन्मात खोटं बोलले नव्हते, त्यामुळे त्यांना ते नीट जमलंही नाही. आवाज उगाच मोठा झाला. "कावयानी चोच लाई, उरनं ते कुत्रानी खादं. मन्हा डोयाघाई दखं मी."

आईचं आणि फुईचं समाधान झालं, ते शेवटपर्यंत टिकलं. आजोबा त्या आखाजीला उपाशीच राहिले, हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. मला ते विसरता आलं, मी नऊ वर्षांची होते. वडिलांना आलं नाही.