पोलंडला घातलेली शाल

गेल्या शुक्रवारी दुपारी तीन वाजता शिरूरजवळच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एक ऑनलाइन सत्र होतं. पन्नास मिनिटांचं. ती मिनिटं कुठे गेली ते लिहून ठेवतेय, कारण माझा राग अजून उतरलेला नाही.

आधी थोडी माहिती. आमच्या कॉलेजचा पोलंडमधल्या एका विद्यापीठाबरोबर चार महिन्यांचा ऑनलाइन प्रोजेक्ट होता. इकडून मी आणि रूथ, तिकडून कासिया. उसाच्या मातीतला ओलावा मोजून पंप कधी आणि किती वेळ चालवायचा ते सांगणारी यंत्रणा... सेन्सर आमचे, गणित कासियाचं.

सेन्सर वडगाव रासाईला माझ्या आत्याच्या उसात बसवले होते. दर रविवारी मी घरून, पाटसहून, दोन एसटी बदलून बॅटऱ्या बघायला जायचे. सुरुवातीला कासियाचा प्रोग्रॅम रोज 'पहाटे सहाला पंप सुरू करा' म्हणायचा. शेतीच्या पंपाला लागणारी थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री येते, हे तिला पटवायला मला तीन मीटिंग लागल्या. पटल्यावर मात्र तिने सगळं पहिल्यापासून लिहून काढलं.

शुक्रवारी हे काम चौदा मिनिटांत मांडायचं होतं. कासियाच्या प्राध्यापक मॅडम ते ऐकून मार्क देणार होत्या, तिघींना एकच. तीन पन्नासला त्यांचा दुसरा वर्ग होता. मांडणी झाली नाही तर तिघींना शून्य, आणि या मार्कांवर कासियाची शिष्यवृत्ती होती... हे सगळं मी आमच्या विभागप्रमुख सरांना दोनदा मेल करून कळवलं होतं.

सरांनी त्याचा कार्यक्रम केला.

स्टेज, बॅनर, समई, नऊ मान्यवर. मला निरोप आला, साडी नेसून ये, सत्काराचं तबक तुझ्याकडे आहे. मी म्हटलं, सर, प्रेझेंटेशन मी करणार आहे. "अगं, ते शेवटी होईलच की. आधी कार्यक्रम तर नीट होऊ दे." तबक धरायला वर्गातला एखादा मुलगा का चालत नाही, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दीपप्रज्वलन, सहा मिनिटं. प्रास्ताविक, सात. मग सत्कार... पहिला मान पोलंडच्या मॅडमचा. त्या समोर नाहीत म्हणून सरांनी शाल लॅपटॉपवर पांघरली आणि नारळ की-बोर्डवर ठेवला. टाळ्या झाल्या. शाल उचलेपर्यंत पोलंडला तिची आतली बाजू दिसत होती.

माझ्या फोनवर कासियाचा मेसेज आला, हा आपल्या प्रेझेंटेशनचा भाग आहे का? मी 'नाही' एवढंच लिहिलं. त्यावर तिने फक्त घड्याळाचं चित्र पाठवलं.

तीन बावीस. स्टेजच्या कडेला मी तबक घेऊन उभी. शेजारी आमच्या विभागाचे शिपाई गुलाबमामा पुढचे नारळ पुसत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्च्यांकडे.

"अजून सात जण हायत. मंग आप्पांचं भाषण. आप्पा बोलाय लागले की घड्याळ बघत न्हाईत." आप्पा म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष.

मामांनी खिशातून लॅबची किल्ली काढली. "जा, वरची लॅब उघड. तबक आण हिकडं."

"मामा, सर विचारतील."

"इचारू दे. तबक धराय काय इंजिनेर लागतोय व्हय?"

साडीच्या निऱ्या मुठीत धरून मी दोन मजले चढले. रूथ तिचा लॅपटॉप घेऊन मागे. मीटिंगची लिंक मी बनवली होती, त्यामुळे सगळी सूत्रं माझ्याच अकाउंटवर होती. त्याच मीटिंगमध्ये मी एक वेगळी रूम उघडली आणि पोलंडच्या सगळ्यांना तिकडे घेतलं. खालचं सभागृह जिथल्या तिथे राहिलं.

तीन सव्वीसला सुरुवात, तीन चाळीसला शेवट. पुढची सात मिनिटं प्रश्न. कासियाचा आवाज पहिल्या दोन वाक्यांना कापत होता, मग सरळ झाला... माझाही.

तेवढा वेळ खालच्या मोठ्या पडद्यावर फक्त सभागृहाचाच कॅमेरा होता. म्हणजे आप्पांच्या मागे आप्पाच दिसत होते, चांगले मोठे. कुणालाही काही कमी वाटलं नाही.

तीन सत्तेचाळीसला मी सगळ्यांना परत आणलं. मॅडमनी माइक सुरू करून इंग्रजीत सांगितलं, मांडणी फार अभ्यासपूर्ण होती, आम्हाला खूप शिकायला मिळालं. आप्पांनी हात जोडले. सभागृहात टाळ्या.

रूथ जिन्यात बसून पोट धरून हसली. मला हसू आलं नाही. आमचंच काम, आमच्यासाठीच ठेवलेल्या वेळात, आम्हाला लपून करावं लागलं... यात गंमत काय आहे?

मार्क बुधवारी आले. चांगले आहेत. कासियाची शिष्यवृत्ती टिकली.

कार्यक्रम अर्धवट सोडल्याबद्दल सरांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय. मी दिला, मिनिटांसकट. किल्ली कुणी दिली, हेही त्यांनी विचारलं. मी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "म्या दिली." पुढच्या महिन्यात ते रिटायर होतायत... मला म्हणाले, आता नाव लपवू नकोस, खुशाल सांग.

कॉलेजच्या पेजवर फोटो आलाय, 'आंतरराष्ट्रीय कार्यक्रम उत्साहात संपन्न'. खाली नऊ मान्यवरांची नावं आहेत, पदांसकट. ऊस, सेन्सर, कासिया, रूथ, मी... कुठेच नाही. ते मी समजू शकते, आम्ही तिघी फोटोत नव्हतोच.

पण फोटोत दहा माणसं आहेत. उजव्या कडेला, खाकी कपड्यांत, तबक अगदी सरळ धरून उभे आहेत ते गुलाबमामा. त्यांचे आभार मानायचं तेवढं राहून गेलं होतं.