मागे बघायचं नाही

घरात चालताना ती डाव्या हाताची मागची बाजू भिंतीला टेकवून चालायची. वाटीत चमचा ठेवायचा तर आधी वाटीत फडकं घालायची. मोबाइलचा आवाज कायमचा बंद, तरी तो उशीखाली. हातातलं काम थांबलं की सुई शिवत असलेल्या पुस्तकातच रोवून ठेवायची, अंगावरच्या कपड्याला कधी टोचायची नाही. आपण कधी पडू याचा तिला भरवसा नव्हता, आणि पडताना सुई अंगावर नको होती. रस्ता ओलांडताना तिचे ओठ हलायचे. लोकांना वाटायचं, देवाचं नाव घेते. ती पुस्तकाच्या घड्या मोजत असायची. एक घडी, दोन घड्या, तीन घड्या. मनाला दुसरं काही सुचू नये म्हणून. आणि कुणी "काळजी करू नका" म्हणालं की म्हणायची, "बरं झालं सांगितलंत, मी करतच बसले होते."

ती पुस्तकं बांधायची. ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं घरी यायची, ती उसवायची, सोळा-सोळा पानांच्या घड्या वेगळ्या करायची, पुन्हा मेणाच्या दोऱ्याने शिवायची. आधी ती मोठ्या बाइंडिंगच्या कारखान्यात होती. तिथे कागद कापायचं मशीन होतं. पातं खाली आलं की तिची पाठ लाकडासारखी व्हायची. एकदा ती उभीच्या उभी पडली. हात पुढे आले नाहीत. माणूस पडताना हात पुढे करतो, हे इतकं साधं आहे की तिचे आले नाहीत तेव्हा लोकांना ते सोंग वाटलं.

पहिले डॉक्टर म्हणाले, मनाला लावून घेऊ नका. दुसऱ्यांनी विचारलं, घरी नवऱ्याशी पटतं ना? नवरा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "भांडल्याने बरं होणार असेल तर सांगा, आजपासून सुरू करतो."

चौथ्या वर्षी मेंदूच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिची पाठ चाचपली, मागे जाऊन टेबलावर एक टकटक केली, ती ताठरलेली पाहिली आणि कागदावर तीन शब्दांचं नाव लिहिलं. स्नायूंना सैल व्हा असं सांगणारा मेंदूचा निरोपच पोचत नाही, म्हणाल्या. अचानक आवाज झाला, धक्का लागला, दचकायला झालं, की सगळं अंग फळी होतं. शुद्ध जात नाही. सगळं दिसतं, ऐकू येतं, फक्त हलता येत नाही. आणि असं होईल या भीतीनेही तसंच होतं. लाखात एखाद्याला होणारा आजार आहे.

"मी म्हणतच होतो," नवरा जिना उतरताना म्हणाला, "लाखात एक बायको आहे."

ती हसली. पण उतरताना तिने एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने त्याचा दंड धरला होता, आणि दंडावर पाच बोटं उमटली.

गोळ्या सुरू झाल्या. महिन्यातून एकदा नळीतून औषध. पाठ थोडी सैल झाली, आवाजाचं भय गेलं नाही. मग गल्लीने आपला एक रिवाज पाडला. गल्ली पुढे बंद होती, सगळे ओळखीचे. कुणी काही मोठ्याने करणार असेल तर आधी सांगायचं. वरच्या आजी खिडकीतून म्हणायच्या, "बाई गं, गादी झटकतेय." कोपऱ्यावरचे सायकलवाले काका रोज संध्याकाळी दुकान बंद करताना हाक मारायचे, "वहिनी, शटर ओढतोय हं." मग पाच मोजायचे, मग ओढायचे. घरी येणारा पायरीवरूनच बोलत यायचा. पाहुण्यांना वाटायचं, ही माणसं स्वतःशी बडबडतात.

मुलगी या रिवाजातच वाढली. तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण पायाला भिंगरी लावल्यासारखी पळायची. पण घरात शिरली की तिचे पाय कापसाचे व्हायचे. दार दोन्ही हातांनी लावायची. शिंक आली तर आधी सांगायची. वाढदिवसाला फुगे नकोत, हे तिने पाच वर्षांची असताना स्वतःच सांगितलं. लोक म्हणायचे, किती समंजस पोर. ते ऐकलं की आई तिला बाहेर खेळायला पिटाळायची.

भिंगरी दहा वर्षांची झाली तेव्हा शाळेच्या खेळाच्या बाई घरी आल्या. पायरीवरूनच म्हणाल्या, "मी खेळाची बाई, एकटीच आहे, आत येतेय." तेवढं भिंगरीने पढवून पाठवलं होतं.

"पळते अशी, की वाऱ्याने पैज लावू नये," बाई म्हणाल्या. "पण शिट्टी झाली की आधी मान वळवते. मागे बघते. मग पळते. तोवर बाकीच्या चार पावलं पुढे. तीन आठवड्यांनी आंतरशालेय शर्यत आहे. ही सवय गेली नाही तर मला दुसरी मुलगी न्यावी लागेल."

"कुणाकडे बघते?"

"तेच विचारलं मी. म्हणाली, मी कुठे बघते? तिला ठाऊकच नाही."

आईला ठाऊक होतं. घरात काहीही पडलं, आपटलं, वाजलं, की पोर आवाजाकडे बघत नसे. आईकडे बघायची. पाळण्यातून उतरल्यापासून. आजार आपल्या अंगात आहे असं आई धरून चालली होती. तो पोरीच्या मानेत जाऊन बसला होता.

त्या दिवशी तिच्याकडून एकही घडी नीट शिवली गेली नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुस्तकं दाबून ठेवायच्या दोन लाकडी फळ्या उचलल्या आणि नवऱ्याला म्हणाली, "आवाज मी करणार. तिने पळायचं."

"तू?" तो म्हणाला. "आगीनेच आग विझवणार?"

"स्वतःला गुदगुल्या करून बघ. होतात का? तसंच आहे. मी वाजवणार तर माझ्या अंगाला आधीच कळणार."

"आणि नाही कळलं तर?"

"तर भिंत आहे."

पंपघरातली त्याची पाळी संध्याकाळची असायची. तो गेला, पण कोपऱ्यावरून तीनदा वळून बघितलं. पोरीने सवय कुणाकुणाची उचलली होती कोण जाणे.

पायरीपासून गल्लीच्या टोकाच्या दिव्याच्या खांबापर्यंत साठ पावलं. भिंगरी पायरीपाशी वाकून उभी राहायची. आई तिच्या मागे, पाठ भिंतीला लावून. फळ्या एकमेकींवर आपटायच्या. खांबाला हात लावून परत.

पहिल्या दिवशी फळ्या वाजल्या तेव्हा आईच्या पोटऱ्यांत गोळे आले, पण ती उभी राहिली. भिंगरी वळली होती.

"मागे बघायचं नाही."

"नाही बघितलं."

"तुझे दोन्ही डोळे दिसले मला. पुन्हा."

दुसऱ्या दिवशीही वळली. पाचव्या दिवशी मान अर्धीच वळली. आठव्या दिवशी भिंगरी चिडली.

"तू पडलीस तर?"

"पडले तरी. खांबाला हात लावायचा, मग परत यायचं. मी काही कुठे पळून जात नाही. तुला पळायचंय, मला नाही."

हे बोलताना तिला वाटलं, आपण पोरीला जे शिकवतोय ते कुठली आई शिकवते? आणि नाही शिकवलं तर ही जन्मभर अशीच वळत राहील. लग्नात, नोकरीत, परगावी. ती घड्या मोजायची.

अकराव्या दिवशी तिला वाटलं, पोर वळली नाही. पण खात्री नव्हती. भिंतीला पाठ लावली की भिंगरीचा खांदा दिसायचा, चेहरा नाही. म्हणून बाराव्या दिवशी तिने भिंत सोडली. तीन पावलं पुढे आली, बाजूला झाली. मध्ये धरायला काही नव्हतं.

कोपऱ्यावर काका दुकान आवरत होते. पोर वाकलेली, आईचे हात वर. आता हाक मारली तर दोघींचा सराव मोडेल, असं त्यांना वाटलं. भल्या मनाने त्यांनी हाक मारली नाही. अलगद, आवाज न होऊ देता शटर खाली घ्यावं म्हणून आकडी सोडली आणि दोन्ही हातांनी धरलं. बारा वर्षं ते शटर एका झटक्यात ओढायचे. अलगद ओढायची त्यांच्या हातांना सवय नव्हती. ते निसटलं.

ती फळी झाली. हातातल्या फळ्या सुटून फरशीवर आदळल्या. पाठोपाठ ती, उजव्या कुशीवर.

भिंगरी पळाली.

जमिनीवर गाल टेकलेला, डोळे उघडे. तिला आधी पोरीच्या टाचा दिसल्या, मग सगळी पाठमोरी पोर. एक, दोन, लांब लांब ढांगा, आणि एकदाही मान वळली नाही. वळली नाही, तिच्या मनात आलं. लगेच दुसरं आलं: आता वळेल.

भिंगरीने खांबाला हात लावला, दोन्ही हात वर करून वळली, आणि हात तसेच वर राहिले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. काका रुग्णालयाच्या बाकावर दोन दिवस बसून होते. येईल त्याला सांगत, "मी हाक नाही मारली. रोज मारतो. त्याच दिवशी नाही मारली." शेवटी नवऱ्याने त्यांना चहा आणून दिला आणि म्हणाला, "घरी जा. शटरला कुलूप न लावताच आलात."

भिंगरी रोज यायची. दारातूनच सांगायची, "आई, मी आहे, आत येतेय." खुर्चीत बसायची. पळणं सोडलंय, हे तिने सांगितलं नाही. खेळाच्या बाईंनी सांगितलं.

"का गं?" आईने विचारलं.

"फळ्या वाजण्याचा आवाज वेगळा असतो. पडल्याचा वेगळा. मला कळायला हवा होता."

"कळला असता तर?"

"वळले असते."

आईने तिला खुर्ची उचलून जवळ घ्यायला लावली. मग म्हणाली, "शनिवारी शर्यतीला जायचं. मला इथे पडल्या पडल्या दुसरं काम नाही. मी वाट बघेन."

शनिवारी दुपारी ती घड्या मोजत होती. चारशेपर्यंत पोचली. पाय हलू नयेत म्हणून ते आधीच लोखंडी चौकटीत बांधलेले होते, तरी पोटऱ्या आवळत होत्या. नर्सबाई म्हणाल्या, "काळजी करू नका." ती पुढची घडी मोजत होती.

मग दारात दोन आवाज आले. आम्ही आहोत, आत येतोय.

"तिसरी," नवरा म्हणाला.

"मागे बघितलंस?"

भिंगरी पाण्याच्या बाटलीवरचा कागद नखाने सोलत होती.

"नाही. कशाला बघू? तू नव्हतीसच तिथे."

नवऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं. आईला कळेना, ही बातमी चांगली की वाईट. तिने पोरीचा हात हातात घेतला आणि तो जरा जास्तच घट्ट धरला गेला. भिंगरीने सोडवला नाही.

अजून तीन आठवडे तिला घरी सोडणार नाहीत. घरी खिडकीपाशी टेबलावर एक वही आहे. भिंगरीच्या जुन्या वह्यांमधली कोरी पानं काढून, सरावाच्या वेळा लिहायला म्हणून आईने ती शिवायला घेतलेली. सहा घड्यांची. बाराव्या दिवशी संध्याकाळी भिंगरीने बाहेरून हाक मारली तेव्हा ती चौथीवर होती. परवा नवरा टेबल पुसायला गेला तर भिंगरी म्हणाली, "तेवढं सोडून पूस."

तीन घड्या शिवलेल्या आहेत. चौथीच्या मधोमध सुई रोवलेली आहे, दोरा तोडलेला नाही. उरलेल्या दोन घड्या बाजूला, एकीवर एक, भिंगरीने फळीखाली दाबून ठेवलेल्या. एकाच फळीखाली, कारण दुसरी त्या संध्याकाळी तडकली.