चाळीसला नाचणारं हँडल

८ डिसेंबर, रविवार. दादाच्या मोटारसायकलचा पुढचा भाग उघडायचा आणि नव्या सामानाने घट्ट करायचा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. एसटीत ड्रायव्हर होता, आता निवृत्त. गाडी त्याच्या तरुणपणातली, त्याने घेतली तेव्हाही जुनीच होती. कामाला माझी शेड बरी पडते. मी पाण्याचे पंप दुरुस्त करते. आधी नवरा करायचा, त्याच्यामागे मी धंदा चालवते. बेअरिंग, बुश, ऑइल सील हे माझ्या रोजच्या हातातलं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे ‘मला त्यातलं काय कळतं’ असं म्हणायची पळवाट मला उरत नाही.

दादाने दसऱ्याला गाडी सोडली होती आणि ती आता माझी मुलगी पुण्याला नेणार होती. नेण्याआधी पुढचा भाग मजबूत करायचा असं तिने ठरवलं. जड स्प्रिंगा, नवे बुश, हँडलच्या दांड्याला सुट्या गोळ्यांऐवजी निमुळत्या रोलरची बेअरिंगं, आणि शॉकअपचे दोन्ही पाय एकमेकांशी जखडून ठेवणारी एक जाड पट्टी. सगळं तिने घरपोच मागवलं.

“एवढं कशाला गं?” मी विचारलं.

“आई, घाटात हँडल हललं तर?”

मुलीच्या जिवाचा प्रश्न होता.

आम्ही इंजिनाखाली जांभ्या दगडाचा चिरा लावला, वर फळी, म्हणजे पुढचं चाक अधांतरी झालं. मी समोर बसले, शॉकअपचे पाय खालून धरले आणि पुढे ओढले. टक्. मागे ढकलले. टक्. मग हँडल एका बाजूकडून दुसरीकडे हळूहळू फिरवलं. मधोमध आलं की ते खाचेत पडल्यासारखं अडकत होतं.

“बापरे,” मुलगी म्हणाली. “मामा हे चालवत होता?”

मी पाना शोधायला उठले. पाना माझ्या पायापाशीच होता.

पावसाळ्यात दादा म्हणायला लागला होता, की गाडीचं पुढचं शॉकअप गेलंय, हँडल थरथरतं. त्याच दिवसांत चहाचा कप धरताना त्याचा हात थरथरतो हे मी पाहिलं होतं. मी दोन्ही गोष्टी जोडल्या आणि मोकळी झाले. त्याला म्हटलं, “दादा, हँडल नाही, हात थरथरतोय तुझा.”

तो चिडला. “चाळीसला नाचतं, पन्नासला गप्प होतं. माझा हात काय काटा बघून थरथरतो?”

याच्याइतकं स्वच्छ लक्षण कुठल्या गिऱ्हाइकाने मला पंपाबद्दल सांगितलं असतं, तर मी पंप उघडायच्या आधीच नवं बेअरिंग काढून ठेवलं असतं. दादा सांगत होता तेव्हा मी त्याच्या कपाकडे बघत होते. त्याला मी अर्धाच कप चहा द्यायला लागले होते, सांडू नये म्हणून.

तो माझं ऐकणार नाही हे उघड होतं. डॉक्टरचंही ऐकलं नसतं. देवाचं ऐकतो. म्हणून नवरात्राच्या आधी त्याला गावी नेलं, ग्रामदेवतेला कौल लावायला. गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गुरवाने विचारलं, काय विचारायचंय? दादा तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं, “ह्याच्या हातांना कापरं भरलंय. ह्याने गाडी चालवावी असं असेल तर उजवा दे.”

गाडीबद्दल एक शब्द मी काढला नाही.

पाकळी डावीकडची पडली. दादाने हात जोडले. मला बरं वाटलं. मी कौलबिल काही मानत नाही. उजवी पडली असती तर मी दुसरी युक्ती काढली असती.

दसऱ्याला त्याने गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि चावी माझ्या हातात ठेवली. “घे गो बाय,” एवढंच म्हणाला. त्याआधी तो रोज सकाळी भाट्याच्या पुलावरून रत्नागिरीत माझ्याकडे गाडी घेऊन यायचा. बंदरावर जाऊन बांगडे नाहीतर सौंदाळे घ्यायचा, निम्मे माझ्या ओट्यावर टाकायचा आणि माझ्या शेडमधल्या रेडिओला नावं ठेवून परत जायचा. दसऱ्यानंतर यायचा बंद झाला. बसने कधी आलाच तर खुर्चीत बसून घड्याळाकडे बघायचा, परतीच्या गाडीसाठी. मासे मी कोळणीकडून घ्यायला लागले. अपघात टळला, असं मी शेजारणींना सांगत होते.

दुपारपर्यंत सगळं सुटं झालं. खालच्या बेअरिंगची वाटी मी रॉकेलने पुसली. आत ओळीने खड्डे. वर्षानुवर्षं गोळ्या त्याच जागी आदळून पडलेले, नखाला लागत होते. डाव्या शॉकअपमधलं तेल अर्ध्याच्याही खाली होतं. बुश इतके झिजलेले, की पाय नळीत सैल डुलत होता.

मुलीने वाटी हातात घेतली. “आई, मामा खरं सांगत होता.”

“हो.”

“तू हे उघडून बघितलं नव्हतंस?”

“नाही.”

“मामाला देव आणि मला बेअरिंग. छान आहे तुझं.”

मी नव्या वाट्या ठोकून बसवायला घेतल्या. काम करताना बोलावं लागत नाही, हा फायदा असतो. वरचा नट घट्ट करताना जपावं लागतं. जास्त आवळलं तर हँडल जड होतं, कमी आवळलं तर पुन्हा टक्. मुलगी हँडल सोडून बघायची आणि मी पाव फेरा इकडे, पाव तिकडे करायची. शेवटी हँडल आपल्या वजनाने अलगद बाजूला कललं. तेल दोन्हीकडे सारखं भरलं, पट्टी बसवली, चिरा काढला.

गाडी मीच बाहेर काढली. ही गाडी मला चालवायला दादानेच शिकवली आहे. भाट्याच्या सरळ रस्त्यावर चाळीसला नेली आणि मूठ सैल सोडली. हँडल जागचं हललं नाही. पन्नासला नेली, पुन्हा चाळीसवर आणली. हललं असतं तर बरं झालं असतं, असंही क्षणभर वाटलं. मग निदान दोष मी न बघितलेल्या त्या वाटीचा नव्हता, असं म्हणता आलं असतं.

तशीच दादाकडे गेले. तो पडवीत नारळ सोलत होता. गाडी बघून उठला नाही. मी जुनी वाटी त्याच्या हातात दिली. त्याने आतून बोट फिरवलं, एकदा, आणि परत दिली.

“सांगितलं होतं तुला,” म्हणाला.

“चुकलं माझं. गाडी घे परत. पोरीला मी सांगते.”

“देवाने नको म्हटलंय.”

“देवाला मी विचारलंच चुकीचं. हात म्हटलं, गाडीचं सांगितलंच नाही.”

“मग मला काय सांगतेस?” त्याने कोयता पुन्हा हातात घेतला. “ज्याला खोटं सांगितलंस त्याला जाऊन सांग.”

आत जाऊन मी चहा केला. सवयीने त्याचा कप अर्धाच भरला. त्याने कपात बघितलं, मग माझ्याकडे. मी उठून तो काठोकाठ भरून आणला. थोडा बशीत सांडला. त्याने बशीतला आधी प्यायला.

घरी आल्यावर मुलीला सांगितलं, गाडी मामाकडे राहील. “राहू दे,” म्हणाली. “मला कळलंच होतं, तू जुनी वाटी बरोबर घेऊन निघालीस तेव्हाच.”

दुसऱ्या दिवशी शेड उघडली नाही. सकाळीच गाडी घेऊन दादाकडे गेले आणि म्हटलं, चल, बस मागे. तो आधी खाली वाकला, पट्टीवरून हात फिरवला, दोन्ही मुठी धरून पुढचा भाग दाबून बघितला. “घट्ट झालंय गो.” मी गाडीकडे बघत नव्हते. मुठींवर त्याचे हात थरथरत नव्हते. हे बघायला मला एक मिनिटही लागलं नसतं, पावसाळ्यात.

गावापर्यंत तो मागे बसून मला गिअरवरून बोलत होता. चढाला खालचा टाक, इंजिन रडतंय, एसटीत असतीस तर पहिल्या दिवशी घरी पाठवली असती. देवळात पोचलो तर गुरव नुकता झाडून घेत होता. मी त्याला थांबवलं आणि स्वतःच पाषाणासमोर उभी राहिले. मला गाऱ्हाण्याची रीत येत नाही. सरळ बोलले. मागच्या खेपेला अर्धं सांगितलं. गाडी खराब होती, ती मी बघितली नाही, दोष भावाच्या हातांवर घातला. त्याला थांबवायचं होतं म्हणून तुला पुढे केलं. तो प्रश्न माझा होता, त्याचा नव्हता.

दादा मागे खांबाला टेकून ऐकत होता. गुरवाने पाण्याचा तांब्या पुढे ओढला. “ताई, मग आता परत कौल लावायचा ना?”

“माझं विचारून झालं,” मी म्हटलं. “आता काय विचारायचं असेल ते तो विचारील.”

चावी मी दादाच्या शर्टाच्या खिशात टाकली, चपला घातल्या आणि रत्नागिरीची एसटी गाठायला पायवाटेने खाली उतरले.